कॅम्परमधून सहा महिने, सोबत पत्र्या – न्यावा की ठेवावा?

रंकाळ्याची_माई | 15 जुलै, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा पाककृतींच्या धाग्यांवरच सापडते, त्यामुळे विभाग चुकला असेल तर हलवा.

आमचे हे एसटीत चालक होते. तीस वर्षं लाल गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता स्टेअरिंगला हात लावणार नाही. बरोबर अकरा दिवस लावला नाही. बाराव्या दिवशी एका शाळेची जुनी ट्रॅव्हलर गाडी दारात उभी. गेलं दीड वर्ष ती उद्यमनगरात (कोल्हापुरातला कारखान्या-वर्कशॉपांचा भाग) आहे. आत पलंग झाला, ओटा झाला, पाण्याची टाकी झाली. मागून पुढे घंटीची दोरीसुद्धा ओढून घेतलीय, एक घंटी थांबायची, दोन घंट्या सुटायची. कंडक्टर मी. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमच्या मेच्या सुट्ट्या जनगणनेत आणि मतदार याद्यांत गेल्या, फिरणं म्हणजे जोतिबा आणि नरसोबाची वाडी.

बेत असा की दिवाळी झाली की निघायचं. बेळगाव, चित्रदुर्ग, बंगळूर, खाली रामेश्वर, कन्याकुमारी, मग केरळातून किनाऱ्याने वर. सहा महिने.

अडलंय ते पत्र्यापाशी. पत्र्या म्हणजे आमचा कुत्रा. 2019 च्या पुरात माझा भाऊ चिखलीला बोटीतून माणसं काढायला गेला होता, तेव्हा एका घराच्या पत्र्यावर हे पिल्लू बसलेलं दिसलं. म्हणून पत्र्या. अंगाने लांबट, पोट खपाटीला, पाय काठ्यांसारखे. डॉक्टर म्हणतात कारवानी ह्या शिकारी जातीचं रक्त आहे थोडंफार. घरात अगदी साधू. कॉलनीतल्या चकरांत गाडीत ऐटीत बसतो.

परवा रविवारी पहिली मोठी चाचणी घेतली, गगनबावडा. कळ्यापर्यंत ठीक. साळवण आलं आणि हा थरथरायला लागला. लाळ गळतेय, दार ओरबाडतोय, शेवटी ओट्याखालच्या खणात शिरून बसला. बाहेर काढता काढता ह्यांच्या हाताला दात लागले. सहा वर्षांत पहिल्यांदा. परत फिरलो.

मुलगा म्हणतो माझ्याकडे पुण्याला ठेवा. बहीण म्हणते सहा महिने कुठे तरी बोर्डिंगला ठेव. हे म्हणतात पत्र्या नाही तर गाडीही नाही. मला वाटतंय आपल्या हौसेपायी त्याचे हाल होतायत. कुणी एवढ्या लांब कुत्र्याला घेऊन गेलंय का?

---

तांबडा_पांढरा | 9:52

कारवानमध्ये कारवानी! माई, नाद खुळा. गाडीचं नाव पाटीवर लिहून टाका.

---

पुणेरी_उतारा | 9:58

ते कॅराव्हॅन. कारवान हा कुत्रा. आणि हो, पुण्यातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये कारवानी ठेवणं म्हणजे घोडा माडीवर बांधणं.

---

शांताराम_स्पष्ट | 10:15

कटू वाटेल, पण बोलतो. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, शेवटच्या ओळीत तुम्हीच लिहिलंय. मुक्या प्राण्याला रामेश्वर काय आणि रंकाळा काय. त्याला अंगण, ठरल्या वेळेला भाकरी आणि ओळखीचा वास पुरतो. रोज नवी जागा, नवी कुत्री, नवं पाणी. हौस तुमची, हाल त्याचे. मुलाकडे ठेवा आणि निवांत जा.

---

घाटवाट | 10:41

शांतारामभाऊ, ओळखीचा वास माणसांचाही असतो की. आम्ही मागच्या वर्षी आमची गावठी कुत्री घेऊन ओम्नीतून दोन महिने फिरलो. पहिला आठवडा ती गोंधळलेली होती. नंतर तिने गाडीलाच घर मानलं. कुठेही उभे राहा, खाली उतरायची, चारी बाजूंनी वास घ्यायची आणि गाडीच्या दारात येऊन बसायची. राखण सुरू.

माई, काही गोष्टी अनुभवाच्या. निघायच्या आधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. पहिले काही दिवस दीड तासावर थांबा. चालत्या गाडीत मोकळा सोडू नका. गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीच्या हार्नेसला बांधा, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसत नाही. आणि तुमचा पत्र्या कारवानी म्हणजे नजरेचा शिकारी. ससा दिसला की त्याला तुमची हाक ऐकू येणार नाही. हायवेच्या कडेला साखळी सोडायची नाही म्हणजे नाही.

गगनबावड्याचं मला तरी गाडी लागल्यासारखं वाटतंय. वळणं सुरू झाली की होतं.

---

निपाणीकर | 10:50

आमच्या राजाला पण गाडी लागायची. आल्याचा तुकडा द्यायचो. फरक शून्य, पण आम्हाला बरं वाटायचं.

---

तांबडा_पांढरा | 11:02

माई, कोल्हापूरचा कुत्रा म्हणजे खाण्याचं काय? बंगळूरला इडली खाईल का ह्यो?

---

रंकाळ्याची_माई | 16 जुलै, सकाळी 7:10

त्याला दूध-भाकरी चालते. पण बुधवार-रविवारी घरात मटण असलं की आमचे हे लपूनछपून नळी देतात. वर म्हणतात, कोल्हापुरात राहून मटण नाही म्हणजे कुत्र्याचंही जिणं नाही.

---

मुक्याची_बोली | सकाळी 8:30

जनावरांची डॉक्टर आहे, सांगलीला असते. आधी नळीचं. शिजवलेलं हाड देऊ नका. शिजलं की हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिपा होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणे तर अजिबात नाहीत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडे तासगावचा बेदाणा घरोघरी, त्यामुळे हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं. काकांना वाचून दाखवा.

प्रवासाला निघताना रेबीजची लस मुदतीत हवी आणि लसीचं पुस्तक गाडीत हवं. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसीचा डोसही चुकवू नका, साचलेल्या पाण्यात तोंड घालतातच. गोचीड हा प्रवासातला मोठा शत्रू. रोज रात्री कानात, काखेत, पायाच्या बोटांच्या मध्ये बोट फिरवून बघा. ताप, मलूल झालेला कुत्रा आणि कॉफीच्या रंगाची लघवी दिसली तर जो पहिला दवाखाना लागेल तिथे थांबा, पुढच्या गावाची वाट बघू नका. आणखी एक, कधी भूल द्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना कारवानीचं रक्त आहे हे आधी सांगा. चरबी नसलेल्या ह्या शिकारी जातींना काही भुलीची औषधं जड जातात.

आता मूळ प्रश्न. गाडी लागलेला कुत्रा लाळ गाळतो, जांभया देतो, ओकतो. पत्र्या ओकला का? दार ओरबाडणं, खणात शिरणं, घरच्या माणसाला दात लावणं, ही मला भीती वाटते. साळवणला नक्की काय बदललं? रस्ता की आणखी काही?

---

डेट्रॉईटचा_दत्तू | सकाळी 9:05

इकडे निवृत्त जोडपी कुत्र्यांसकट अशीच फिरतात. मुक्कामाच्या जागी वीज, पाणी, सांडपाण्याची नळी सगळं जोडून मिळतं. भारतात शौचालयाची टाकी कुठे रिकामी करणार याचा विचार केलाय का?

---

निपाणीकर | सकाळी 9:11

दत्तूशेठ, आमच्याकडे पेट्रोल पंप नावाचं तीर्थक्षेत्र असतं.

---

घाटवाट | सकाळी 9:30

पंप खरंच उत्तम. दिवा असतो, पाणी असतं, चोवीस तास माणूस असतो. डिझेल तिथेच भरायचं आणि मॅनेजरला विचारून कोपऱ्यात उभं राहायचं. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलंय, पण आमची प्रत्यक्षातली भिस्त पंपावर, ढाब्यावर आणि देवस्थानांच्या वाहनतळावर.

स्वयंपाकाचं विचारतो. गॅस की इंडक्शन? गॅस असेल तर सिलिंडरच्या खणाला तळाशी भोक आहे का बघा. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. तुमची नाकं वर, कुत्र्याचं खाली.

---

उद्यमनगरी | दुपारी 1:20

माई, काम कुणाकडं दिलंय ते विचारत न्हाई, सगळे ओळखीचेच निघायचे. पन कागदाचं बगा. सीटा काढून पलंग केला म्हंजे गाडीत बदल झाला. कलम 52 परमानं आरटीओची परवानगी लागती आन् आरसीवर नोंद लागती. मोटार कॅराव्हॅनला एआयएस-124 म्हनून वेगळं मानक हाय. नोंद न्हाई आन् वाटंत कुटं ठोकली तर इम्यावाला पयला हात वर करनार.

बॅटरी किती टाकलीय? लिथियमची 12 व्होल्ट 200 अँपिअरची असली तर अडीच युनिट धरा. इंडक्शन फुल्ल लावला तर सवा तासात विषय संपला. पन 20 वॅटचा पंखा रातभर चालला तरी पाव युनिट जात न्हाई. कुत्र्यासाटनं ह्यो पंखा लावाच. मानसाला सगळ्या अंगाला घाम येतो, ह्यास्नी नुसती धाप.

---

मुक्याची_बोली | दुपारी 1:45

उद्यमनगरींना दहा पैकी दहा. थांबलेल्या बंद गाडीत बाहेर 30 अंश असलं तरी दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं. "फक्त दर्शन घेऊन येतो" म्हणून काचा लावून जाणारे मी पाहिलेत. आणि परत आल्यावर काय झालं तेही.

---

शांताराम_स्पष्ट | दुपारी 2:10

बघा, हेच म्हणतोय. देवळात कुत्रा नाही, अभयारण्यात कुत्रा नाही, किल्ल्यावर बहुतेक ठिकाणी नाही. मग सहा महिने बघणार काय? पंप?

---

घाटवाट | दुपारी 2:25

आळीपाळीने जायचं. एक आत, एक गाडीत. बायकोला आणि मला तेवढाच एकमेकांपासून आराम.

---

कोल्हापूरची_पोर | संध्याकाळी 6:30

मी सगळा धागा वाचून आलो. (हो, आम्ही कोल्हापूरच्या मुली असंच बोलतो, पुणेरी काकांनी व्याकरण काढू नये.) माई, एक विचारू का? सगळे कुत्र्याचं बोलतायत, पण काकांना वाटेत ताप आला, डोळ्याला काही झालं, तर गाडी कोण चालवणार? तुम्हाला येते का?

---

पुणेरी_उतारा | संध्याकाळी 6:34

"आलो" वाचलं. दुर्लक्ष केलं. मुद्दा मात्र बिनतोड.

---

रंकाळ्याची_माई | रात्री 9:15

एकेकाला उत्तर देते.

नळी बंद. ह्यांना वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "मग तुझ्या भाजीतला कांदा पण धोकादायकच की." विषय बदलायचा प्रयत्न.

आरटीओची नोंद अजून नाही. वर्कशॉपचा मालक म्हणाला होता "कोण बघतंय". आता मी बघतेय.

गाडी मला येत नाही. साठी उलटलीय. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

डॉक्टरताई, ओकला नाही. तुम्ही विचारल्यावर मीही विचार केला. साळवणच्या पुढे घाट तरी कुठे आहे, तो गगनबावड्याच्या पलीकडे, खाली उतरताना. आम्ही वर पोहोचलोच नाही. रस्ता होता तसाच होता.

---

मुक्याची_बोली | रात्री 9:22

पाऊस?

---

रंकाळ्याची_माई | रात्री 9:25

जुलैत गगनबावड्याकडे पाऊस होता का असं कुणी विचारतं का ताई! साळवणला तर असा सुरू झाला की आतमध्ये आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू ये

---

रंकाळ्याची_माई | रात्री 9:26

अगं बाई.

---

तांबडा_पांढरा | रात्री 9:28

आईशप्पत. पत्र्या.

---

निपाणीकर | रात्री 9:31

काटा आला अंगावर. पुरात पत्र्यावर बसलेलं पिल्लू, आणि वरून तोच आवाज.

---

शांताराम_स्पष्ट | रात्री 9:50

सहा आठवड्यांच्या पिल्लाला सहा वर्षांनी आठवतं का, याबद्दल मला शंका आहे. पुष्कळ कुत्री फटाक्यांना भितात, ती काय सगळी युद्धातून आलेली नसतात. पण आवाजाची भीती असेल हे मान्य.

---

मुक्याची_बोली | रात्री 10:05

शांतारामभाऊंशी सहमत. पुरामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. घरात पाऊस पडताना काय करतो माई? स्लॅबचं घर आहे ना?

---

रंकाळ्याची_माई | रात्री 10:12

हो, स्लॅब. खिडकीत बसून बघतो पाऊस. म्हणून कधी कळलंच नाही. फक्त शेजारच्यांनी पार्किंगवर पत्रा घातला तेव्हापासून पावसात हा आमच्या खोलीत येऊन झोपतो. आम्हाला वाटायचं प्रेम.

---

उद्यमनगरी | रात्री 10:40

माई, आतून प्लाय मारलाय का? प्लायच्या आन् छताच्या मदी काय भरलंय? हात घालून बगा. माझी पैज, काय न्हाई. मंग ती गाडी न्हाई, ताशा हाय.

उपाय सोपा हाय. छताचं प्लाय काढायचं. पत्रा आतनं थिनरनं पुसायचा. ब्युटाइलची शीट मिळती, एका अंगाला ॲल्युमिनियम. ती दाबून रोलर फिरवायचा. पत्र्याचं झनझननं तिनं मरतं. आख्खं छत मढवायची गरज न्हाई, निम्मं झाकलं तरी फरक ऐकू येतो. तिच्यावर नायट्राइल फोम. त्येनं ऊन बी कमी लागतंय. मंग परत प्लाय. दोन दिसाचं काम. आन् परत प्लाय मारायच्या आदी कॅरियरचे बोल्ट कुटं कुटं आरपार गेलेत ते बगून सीलंट भरा, इसरू नका.

---

मुक्याची_बोली | रात्री 10:58

आणि माझं काम तीन महिन्यांचं. मोबाइलवर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज लावायचा, इतका बारीक की त्याने कान टवकारायच्या पलीकडे काही करू नये. तेवढ्यात त्याच्या आवडीचं खाणं. आवाज बंद, खाणं बंद. रोज पाच-दहा मिनिटं. आवाज वाढवायची घाई नाही. घाबरला की आपली चूक, एक पायरी मागे. खण मात्र त्याचा त्याला ठेवा, तिथे गोधडी घाला. लपायला जागा असणं चांगलं. तो आत असताना ओढून काढू नका, दात त्यामुळेच लागले.

---

पुणेरी_उतारा | 17 जुलै, सकाळी 7:45

एक शंका. दिवाळीनंतर रामेश्वर म्हणताय. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, ईशान्य मान्सूनचा. आपला संपतो तेव्हा त्यांचा रंगात येतो. पत्र्याला घेऊन तुम्ही पावसाच्या मागे मागे निघालाय.

---

तांबडा_पांढरा | सकाळी 7:50

पुणेकराने उपयोगाचं काही सांगितल्याची नोंद घ्यावी.

---

रंकाळ्याची_माई | 24 ऑगस्ट, दुपारी 3:30

धागा वर काढतेय. गणपती तोंडावर आलेत, मोदकांच्या गडबडीतून वेळ काढलाय.

प्लाय काढलं. आत काही नव्हतं. उद्यमनगरीभाऊ, तुम्ही जिंकलात. शीट, फोम सगळं झालं. मग पाऊस नेमका गायब. ह्यांनी काय करावं? गाडी दारात लावली, पत्र्याला आणि मला आत बसवलं आणि बागेच्या पाइपने अर्धा तास टपावर पाणी मारत उभे राहिले. समोरच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "भाऊजी, गाडी आतून धुवायची राहिली का?" पत्र्या खणात गेला, पण थरथरला नाही. पंधरा मिनिटांनी नाक बाहेर काढलं. मोबाइलचा पाऊस रोज चालू आहे. माझ्या झोपेवर त्याचा जास्त परिणाम झालाय.

आरटीओची परवानगी रीतसर काढायला घेतलीय.

आणि मी शिकाऊ परवाना काढला. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला लागतो तो घेतला. ह्यांच्याकडे शिकायला बसले, दुसऱ्या दिवशी उतरले. "क्लच सोड, तू काय तिकीट फाडतेस का?" असं म्हणाले. आता गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलला जातेय, तिथे मला मॅडम म्हणतात.

---

कोल्हापूरची_पोर | दुपारी 3:41

विषय हार्ड, माई!!

---

शांताराम_स्पष्ट | दुपारी 4:20

माझं मत बदललेलं नाही. मात्र पाइपवाल्या काकांना नमस्कार सांगा.

---

निपाणीकर | दुपारी 4:45

मार्ग बदलला का?

---

रंकाळ्याची_माई | संध्याकाळी 7:00

बदलला. बेळगावच्या दिशेला नाक न करता पुण्याच्या दिशेला. नाशिक, मग गुजरात, कच्छ, राजस्थान. दक्षिण जानेवारीनंतर. हे तीस वर्षं वेळापत्रकावर चालले, पहिल्यांदाच कुत्र्याच्या वेळापत्रकावर चालणार.

---

घाटवाट | संध्याकाळी 7:20

कच्छच्या थंडीत रात्री झूल घाला त्याला. कारवानीच्या अंगावर केस कसले, नुसता मखमलीचा आभास. आणि नीलगाय दिसली तर दोन्ही हातांनी साखळी धरा.

---

रंकाळ्याची_माई | 1 नोव्हेंबर, पहाटे 5:50

मंडळी, नांदुरीहून लिहितेय, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी. बुधवारी अंबाबाईला हात जोडून निघालो. काल आळीपाळीने दर्शन झालं, आधी हे, मग मी. परवाना मिळालाय. गाडी मी आतापर्यंत एकूण बावीस किलोमीटर चालवली, ते सगळे सरळ होते.

काल रात्री दीडला अवकाळी आला. मोबाइलचा नाही, खरा, टपोरा. मी दिवा न लावता पडून राहिले. पत्र्याने मान वर केली, उभा राहिला, खणापर्यंत गेला. तिथे थोडा वेळ थांबला. मग परत येऊन आमच्या दोघांच्या मध्ये शिरला. अंगाला किंचित कंप होता, लाळ नव्हती. हे झोपेचं सोंग घेऊन त्याच्या कानामागे खाजवत होते. तासाभराने घोरणं ऐकू आलं ते पत्र्याचं. ह्यांना झोप लागली नाही, कारण पलंगाचा त्यांचा भाग राहिला नव्हता.

उद्यमनगरीभाऊ, उठलात की सांगा. मागच्या उजव्या कोपऱ्यातून प्लायवर पाणी टपकतंय, थेंब थेंब. खाली पातेलं ठेवलंय. टुप टुप आवाज येतोय आणि पत्र्या त्याच्याकडे एकटक बघतोय.

---

उद्यमनगरी | सकाळी 6:15

कॅरियरचा बोल्ट. जुलैलाच सांगितलं हुतं माई. फोटो टाका. आन् पातेल्यात फडकं घाला, आवाज थांबंल.